‘स्क्राइब’ची पहिली तबकडी

दर्यापुरासारख्या कापसाच्या गांवीं जिनाशेजारीं राहणाऱ्यांस यंत्राचा आवाज कांहीं दिवसांनीं ऐकूंच येत नाहीं. जीन बंद पडलें म्हणजे मात्र ते चमकतात. यंत्रांच्या सान्निध्यांत वाढलेला कान निराळा होतो. ज्या संगीतास ‘मेटलकोअर’ म्हणतात, व ज्याची पहिली ओळख सुशिक्षित घरांत मुलाच्या बंद खोलींतून होते, त्याचा उगम अशाच कानांत आहे.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथील टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यांत कामास असे. कामाच्या शेवटच्याच दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा, गिटारच्या तारा दाबावयाचीं बोटें नेमकीं तींच. दुसरा एखादा तेथेंच थांबला असता. यानें वितळविलेल्या प्लॅस्टिकचीं टोपणें करून बोटांना बसविलीं, बारीक तारा लाविल्या, आणि पुढें त्या सैल करून स्वर खालीं उतरविला. तो जड, दबलेला नाद हें बव्हंशीं या अपघाताचें देणें होय. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ मंडळीची पहिली तबकडी १९७० सालीं निघाली. तिचें मुद्रण जवळजवळ एका दिवसांत उरकलें होतें.

पुढें १९८० च्या सुमारास अमेरिकेंत ‘हार्डकोअर’ नांवाचा पंथ निघाला. गाणीं दीड-दोन मिनिटांचीं, वाजविणारे हौशी, आणि गायक व श्रोते यांत अंतर म्हणून नाहीं. या दोन प्रवाहांचा संगम तो मेटलकोअर. वेगानें धांवणारी लय मध्येंच अडवून सर्व वाद्यें एका संथ, जड ठेक्यावर आणावयाचीं, यास ‘ब्रेकडाऊन’ म्हणतात. गायकाची किंकाळी मोकाट वाटते, पण श्वास सांभाळला नाहीं तर गळा कायमचा बसतो. तीही एक साधनाच आहे.

मुंबईंत अशा संगीताचें घर म्हणजे धोबी तलावानजीकचें रंगभवन. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं करकरे, कामटे व साळसकर हे अधिकारी जेथें पडले, ती गल्ली याच उघड्या नाट्यगृहाच्या नांवानें ओळखली जाते. १९८६ सालीं सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळा येथें अनेक वर्षें भरे. परंतु शेजारीं कामा रुग्णालय. २००० सालच्या ध्वनिनियमांनीं रुग्णालयाभोंवतीं निदान १०० मीटरचें शांतताक्षेत्र ठरलें, व थोड्याच वर्षांत रंगभवन मुकें झालें. रुग्णांचा हक्क मोठा, यांत वाद नाहीं. तशी सोयीची दुसरी जागा मात्र त्या मुलांस लाभली नाहीं.

अशा बिनघरच्या काळांत, २००५ सालीं, ‘स्क्राइब’ मंडळी जमली. गायक विश्वेश कृष्णमूर्ती. खर्जाच्या गिटारवर श्रीनिवास सुंदरराजन, जे पुढें चित्रपट-दिग्दर्शकही झाले. परक्यांचीं गाणीं हुबेहूब वाजविणें ही मुंबईच्या मंडळींची जुनी रीत. ‘रॉक मशीन’नें १९८८ सालीं स्वतःच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढून ती मोडिली होती, तीच वाट ‘स्क्राइब’नें २००८ सालीं ‘कन्फेक्ट’ या पहिल्या तबकडीनें धरिली. शब्दाचा एक अर्थ मिठाई! एवढ्या गर्जनेस हें नांव देणाऱ्यांची वृत्ति खट्याळ होती, हें उघड आहे. २०१० च्या दुसऱ्या तबकडीचें ‘मार्क ऑफ तेजा’ हें नांव ‘अंदाज अपना अपना’ या चित्रपटाची आठवण देतें, आणि तींत एक प्रेमगीत चक्क पावभाजीस उद्देशून आहे. २०१४ ची तिसरी ‘हेल मोगँबो’. अमेरिकन मुलांचा संताप उसना आणणें सोपें होतें. या मंडळीनें त्यांत मुंबईची थट्टा मिसळली, आणि येथेंच तिचें स्वत्व दिसतें.

एक उणीव मात्र राहते. दर्यापूर तालुक्यांत पूर्वीं मोडणाऱ्या शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांचें एक कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईंत वांद्र्यास मुद्रित झालें. पुढच्याच महिन्यांत बाबा निवर्तले. बरोबरी करण्याचा हेतु नाहीं. पण प्रश्न बाबांचा व उत्तर समुदायाचें, ही त्या कीर्तनाची रीत होती, आणि हार्डकोअरच्या मेळ्यांतही गायकाच्या ओळी श्रोतेच पुऱ्या करितात. बंद खोलींत मुद्रित झालेल्या ‘कन्फेक्ट’मध्यें हांक आहे, ओ देणारे नाहींत. ते रंगभवनाच्या फाटकाबाहेरच राहिले.