केन्मू
केन्मू : मध्ययुगीन जपानमधील सम्राट गो-दाइगोच्या कारकिर्दीतील अल्पजीवी राजशक (१३३४–३६, आशिकागा पक्षाच्या गणनेत १३३८ पर्यंत).

कामाकुरा येथील लष्करी सत्ता १३३३ मध्ये कोसळल्यावर (पहा : कामाकुरा शोगुनशाही) ओकी बेटावरील हद्दपारीतून परतलेल्या गो-दाइगोने पुढील वर्षी हा शक सुरू केला. नाव चिनी आहे. हान घराण्याची सत्ता बळकावणाऱ्या वांग मांगनंतर ती पुन्हा उभारणाऱ्या चिनी सम्राट क्वांग-वूने इ. स. २५ मध्ये हेच शकनाम घेतले होते. तेव्हा शकनाम हीच येथे राजकीय घोषणा होती. सम्राटाने जमिनींचे दावे दरबारी कचेऱ्यांकडे ओढले, प्रासादासाठी कर बसवला. बक्षिसांच्या वाटपावरून योद्धे दुरावले आणि १३३५ मध्ये त्यांच्यातील सेनानी आशिकागा ताकाउजी फुटला.

केन्मू म्हणजे केवळ फसलेले पुनरुज्जीवन, असे म्हटले जाते. सम्राटाचा प्रत्यक्ष कारभार तीन वर्षेही टिकला नाही, हे खरेच. परंतु शकाचा इतिहास तेथे संपत नाही. १३३६ मध्ये गो-दाइगोने स्वतःच हे नाव सोडून ‘एंगेन’ स्वीकारले; ताकाउजीच्या पक्षाने मात्र ‘केन्मू’च चालू ठेवले. ही निव्वळ सोय म्हणावी, तर ताकाउजीच्या नव्या शोगुनशाहीची सतरा कलमी धोरणसंहिताही ‘केन्मू शिकिमोकू’ (१३३६) याच नावाने ओळखली जाते. शत्रूचा शक नाकारणे म्हणजे त्याची सत्ता नाकारणे. त्यामुळे दस्तऐवजावरील शकनामावरून तो लिहिणाऱ्याचा पक्ष कळतो. गो-दाइगोच्या पक्षाचा आणि ताकाउजीच्या पाठिंब्याचा अशा दोन दरबारांची ही दुहेरी कालगणना १३९२ पर्यंत चालली (पहा : नान्बोकुचो कालखंड).