वेताळाचा मुखवटा

आमच्याकडं वेताळ म्हणजे शिवेवरचा देव. शेंदूर फासलेला दगड, अमावस्येच्या रात्री उठून फिरणारा. खाली कोकणात, वेंगुर्ल्याजवळ आरवलीला, वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्रभर गावाची राखण करत हिंडतो, म्हणून चपला झिजतात असं तिथली माणसं सांगतात. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि त्यातला अमेरिकेचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला आपली शिव ठाऊक असणार. हाही रानात फिरणारा, राखणदार, न मरणारा.

हा वेताळ मूळचा १९३६ सालचा. ली फॉक नावाच्या लेखकानं तो रचला, रे मूरनं काढला, आणि १७ फेब्रुवारीपासून तो अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींनी येऊ लागला. सुपरमॅन त्याच्या दोन वर्षांनंतरचा. अंगाला चिकटलेला पोशाख, मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळ नसलेले पांढरे डोळे, ही पुढच्या कितीतरी वीरांची चाल आधी याची.

गोष्ट अशी, की १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं. एक तरुण तेवढा वाचून किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बुटक्या लोकांनी त्याला जगवलं. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं अन्यायाशी लढायची शपथ घेतली. तेव्हापासून बापामागं पोरगा तोच मुखवटा घालतो, आणि लोकांना वाटतं हा एकच, चारशे वर्षं जिवंत. आपण वाचतो तो एकविसावा.

आता सुरुवातीच्या चित्रांकडं नीट बघा. गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर, आणि काळे लोक त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. जग तेव्हा तसंच होतं. आफ्रिका, आशिया गोऱ्या साहेबांच्या ताब्यात होत्या, आणि अमेरिकेत पेपर वाचणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. हे जंगलही आधी आपल्याच बाजूला, आशियात कुठंतरी होतं. देशाचं नाव बंगालसारखं, चाचे ‘सिंग’. पुढं जंगल हळूहळू आफ्रिकेत सरकलं. इंद्रजालवाल्यांनी तर नावंच बदलली. देश झाला डेंकाली, सिंगांचे झाले सिंगा, आणि रामा नावाच्या खुन्याचा झाला रामालू. इथल्या माणसांना ती नावं बोचली असती.

महायुद्धात वेताळ जपान्यांशी लढला. मूरच्या काळोख्या चित्रांनंतर विल्सन मकॉयची साधी, जाड रेघ आली. १९६१ पासून साय बॅरीनं त्याला तालमीतल्या पैलवानासारखं अंग दिलं. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे तो हा बॅरीचा वेताळ.

मी तो वाचला बहात्तरच्या दुष्काळात. आई-बाप नालाबंडिंगच्या कामावर, आम्ही पोरं खडीच्या ढिगाऱ्यामागं. खायला सुकडी, घरी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, आणि हातात अमेरिकेचाच वेताळ! एकेक अंक पन्नास हातांतून गेलेला, कव्हर गळालेलं. गोष्टीत लोक अडचणीत आले की ढोल वाजायचे, निरोप जंगलभर जायचा, आणि पांढऱ्या घोड्यावरून तो यायचा. आमच्याकडं कुणी घोड्यावरून आलं नाही. हजेरीपटावर नाव असलेल्या बायाबापड्यांनीच घमेली वाहिली आणि बांध घातले. त्यातला एक बांध अजून पाणी धरतो, माझी विहीर त्याच्याच खाली आहे. म्हणून गोष्टीत लोक काय करतात इकडं माझी नजर जायला लागली.

तिथंच खरा बदल झालेला आहे. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश भराभर स्वतंत्र होत होते. फॉकनं त्याच सुमाराला लुआगा नावाचा माणूस आणला. काळा, पेशानं डॉक्टर, आणि मतं घेऊन निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष. लष्करातला जनरल बबाबू सत्ता बळकवायला बघतो, आणि वेताळ लुआगाच्या पाठीशी उभा राहतो. सिंहासन वेताळाचंच राहिलं, पण देश लुआगाचा झाला. मला विचाराल तर पोशाखापेक्षा, रेघेपेक्षा हा बदल मोठा. मारामारी नेहमीचीच होती, म्हणून पुष्कळांच्या तो ध्यानात आला नाही एवढंच.

मग घरातही बदल झाला. चाळीस वर्षं ताटकळलेली डायना १९७७ साली त्याची बायको झाली. लग्नाला लुआगा होता आणि फॉकचाच दुसरा नायक, जादूगार मँड्रेकही. डायना युनोत नोकरी करणारी बाई, लग्नानंतर नुसती गुहेत बसून राहिली नाही. १९७९ मध्ये जुळं झालं, किट आणि हेलोइस, एक मुलगा, एक मुलगी.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, फॉक १९९९ मध्ये गेला. दुसरे हात आता गोष्ट पुढं नेतात. मुखवटा बापाकडून लेकाकडं, ही एकवीस पिढ्यांची रीत. पण सतराव्या वेताळाच्या जुळ्या बहिणीनं, ज्युलीनं, भाऊ अडचणीत असताना तो पोशाख चढवला होता, ही गोष्टही फॉकनंच लिहून ठेवलीय. सातबाऱ्यावर लेकीचं नाव लावायचं म्हटलं की आपल्याकडं अजून बैठका बसतात. कवटीच्या गुहेतही हा प्रश्न आला, आणि तिथं निदान एकदा तरी लेक राखणीला उभी राहिली.