काटा, कोड आणि कान

मी साइटवर नक्की काय करतो, हे आमच्या घरच्या मंडळींना अजून नीट उमगलेलं नाही. "पोकलेन दुरुस्त करतो" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पाना आणि ग्रीसने माखलेले हात येतात. हात माखतात हे खरंच, पण हल्ली निम्मा वेळ मल्टिमीटर घेऊन तारा तपासण्यातच जातो. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे ते यंत्राचंच नाव होऊन बसलं, डालड्यासारखं!) या तारा इंजिनात कशा शिरल्या, याची गोष्ट बरीच जुनी आहे आणि मला ती फार आवडते.

वाफेच्या जमान्यापासून सुरुवात करू. १८४९ साली युजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने दाब मोजायच्या एका साध्या युक्तीचं पेटंट घेतलं. एक चपटी, वाकवलेली नळी. आतला दाब वाढला की ती सरळ होऊ बघते आणि तिला जोडलेला काटा हलतो. बस्स, एवढंच! कॅटरपिलरने १९३१ मध्ये आपला पहिला डीझेल ट्रॅक्टर बाजारात आणला. अशा जुन्या यंत्रांत इंजिनातलं तेल बारीक नळीतून थेट ऑपरेटरसमोरच्या काट्यापर्यंत येई. डीझेल किती सोडायचं हेही फिरणारी वजनं आणि स्प्रिंगा ठरवत. त्यामुळे फिटरची हत्यारं म्हणजे डोळे, हात आणि कान. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डीझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डीझेल न जळताच बाहेर पडतंय. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकणारे फिटर मी स्वतः पाहिले आहेत.

दरम्यान दोन शोध लागले होते. त्या वेळी कुणाच्या डोक्यात पोकलेन असणं शक्यच नव्हतं. १८३३ मध्ये मायकेल फॅरडेला दिसलं, की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज जास्त सहज वाहते. आणि १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत चार्ल्स स्मिथने दाखवलं, की सिलिकॉनवर ताण आला की त्याचा विद्युतरोध बदलतो. आजचे तापमानाचे आणि दाबाचे कितीतरी सेन्सर याच दोन तत्त्वांवर चालतात.

पण सेन्सरला इंजिनात खरी जागा मिळाली ती धुरामुळे. अमेरिकेत १९९६ पासून बांधकामाच्या यंत्रांच्या धुरावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आल्या. आपल्याकडे अशा यंत्रांना एप्रिल २०२१ पासून चौथ्या टप्प्याचे नियम लागू झाले. एवढा काटेकोर हिशेब वजनं आणि स्प्रिंगांच्या आवाक्यातला नव्हता. तो काँप्युटरकडे गेला आणि काँप्युटरला नाक-डोळे हवेत, म्हणून सेन्सर आले. त्यांचं बोलणं इकडून तिकडे नेणारी कॅन नावाची व्यवस्था बॉशने १९८६ मध्येच जगापुढे मांडली होती. पुढे तिच्यावरच जे-१९३९ ही मोठ्या यंत्रांची सामाईक भाषा उभी राहिली.

या भाषेत कोडचे दोन भाग असतात. पहिला आकडा कुणाबद्दल तक्रार आहे ते सांगतो, दुसरा काय तक्रार आहे ते. ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान. ११० सोबत ० आला तर पाणी खरंच उकळतंय, रेडिएटरकडे बघा. पण ३ आला तर व्होल्टेज जास्त आहे, म्हणजे बहुधा तार तुटली आहे. ४ आला तर व्होल्टेज कमी, तार कुठेतरी बॉडीला टेकली असणार. दोन तारांच्या या सेन्सरची परीक्षा अगदी सोपी आहे. कनेक्टर काढा, ३ दिसायला हवा. मग कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा, ४ दिसायला हवा. दोन्ही दिसले तर वायरिंग आणि काँप्युटर निर्दोष, सेन्सर बदला. यातलं एक जरी दिसलं नाही तर नवीन सेन्सरवर पैसे घालू नका!

घाटातल्या रस्त्याच्या एका कामावर एका मशीनने एकदम तीन सेन्सरचे कोड दाखवले, त्यात ऑइल प्रेशरचाही. ताकद उतरलेली, मागे डंपरांची रांग, मालकाच्या कपाळावर आठ्या. तीनही सेन्सर मागवायचं जवळपास ठरलंच होतं. तिथले एक वयस्क फिटर काका नुसते कान देऊन उभे होते. म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे. तेल वर चढत नसतं तर खडखडलं असतं." तरी त्यांनी खात्रीसाठी एक साधा काट्याचा गेज इंजिनाला लावायला सांगितला. काटा बरोबर जागेवर. म्हणजे बूर्दाँसाहेबांनी निकाल दिला! तिन्ही सेन्सरना पाच व्होल्ट पुरवणारी तार एकच होती. ती एका क्लँपखाली घासून इंजिनाला टेकली होती. तार जोडली, वर नवीन स्लीव्ह चढवली, काम झालं.

आज आयटीआयमधून येणारी पोरं हुशार आहेत, लॅपटॉप सराईतपणे चालवतात. पण पुष्कळांना कोड वाचला की निदान झालं असं वाटतं. कोड फक्त सांगतो, की काँप्युटरला काय दिसलं. ते खरं की खोटं, हे ठरवायला निरोगी इंजिन कसं वाजतं ते ठाऊक असावं लागतं. आणि ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना "कोड कळत नाही" म्हणून घरी बसवलं जातंय. त्यांच्यासोबत जे जाईल ते कुठल्याच मॅन्युअलात लिहिलेलं नाही.

असो. तुमच्या ओळखीत असे कुणी काका असतील, तर एखादं पोरगं त्यांच्या हाताखाली चार महिने द्या. लॅपटॉप काय, तो नंतरही शिकता येतो.