मेंदी आणि मदरंगी

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई कुंपणाची मेंदी पाट्यावर वाटी. कात, लिंबाचा रस घाली. शेजारच्या कानडी अक्का तिलाच मदरंगी म्हणत. रंग दोन्ही घरी सारखाच चढे.

ही विद्या फार जुनी. इजिप्तमधील ममींच्या केसांवर मेंदीच्या खुणा आढळल्या आहेत. लिनियसने १७५३ साली या झाडाची नोंद केली ती 'लॉसोनिया' या नावाने. त्याच नावाचा लॉसोन हा पानातला रंग आंबट रसात हळूहळू सुटतो, त्वचेला धरतो आणि दीड-दोन दिवसांनी गडद होतो.

घाई केली की फसगत. बाजारच्या 'काळ्या मेंदी'ने माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातावर फोड आले. मेंदी मुळात काळी नसतेच. त्या कोनात बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते. यंदा शाळेच्या कुंपणाला आम्ही मेंदीच लावली.