मूत्राशयातील बीसीजी आणि महाधमनीचा संसर्ग

बीसीजी म्हणजे गुरांच्या क्षयजंतूचा दुबळा केलेला, पण जिवंत प्रकार. दंडावर लस म्हणून तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगावर तो उपयोगी पडतो, हे कॅनडातील डॉ. आल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली दाखवले. दुर्बिणीतून गाठ खरवडल्यावर आठवड्याला एकदा, असे सहा आठवडे बीसीजी नळीवाटे लघवीच्या पिशवीत सोडतात. पुढे गरजेप्रमाणे तीन वर्षांपर्यंत अधूनमधून. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही हे औषध बनवते. उपचार मोलाचा आहे, भीतीपोटी तो कुणी टाळू नये.

क्वचित मात्र हे जंतू रक्तात शिरतात. नळी घालताना इजा झाली, किंवा गाठ काढल्याची जखम भरण्याआधीच औषध सोडले, की धोका वाढतो. चरबी साचून खडबडीत झालेल्या धमनीत, बहुधा पोटातील महाधमनीत, ते ठाण मांडतात. भिंत पोखरली जाऊन फुगा येतो. विडी-सिगारेट मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण आहे आणि धमन्याही तीच नासवते, त्यामुळे दोन्ही दोष एकाच रुग्णात सहज भेटतात.

त्रास काही महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होतो: बारीक ताप, घटते वजन, कंबरदुखी. जालन्यासारख्या जिल्ह्यात डॉक्टरांना आधी मणक्याचा क्षय आठवणार, आणि ते योग्यच. पण खरी फसगत पुढे आहे. कमरेत साचलेला पू काढून सीबीनॅट ही जनुकीय तपासणी केली, तरी अहवाल ‘क्षयजंतू आढळले’ असाच येतो. ही तपासणी त्या जंतूंचे सारे कुळ ओळखते, त्यातला बीसीजी वेगळा काढत नाही. मग नेहमीची चार औषधांची एकत्रित गोळी सुरू होते. तिच्यातील पायराझिनामाइडला बीसीजी मुळातच दाद देत नाही. उरलेल्या तिन्हींनी ताप उतरेलही, पण फुगा तसाच राहतो आणि फुटला तर जीव जातो.

सीटी अँजिओग्राफीत हा फुगा दिसतो. सडलेला भाग काढून नवी नळी जोडणे आणि आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल साधारण नऊ ते बारा महिने देणे, हा प्रचलित उपचार.

गाठीची शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला होते, ताप मात्र अंबड-परतूरच्या दवाखान्यात दाखवला जातो. म्हणून लघवीच्या पिशवीत बीसीजी घेतलेल्यांनी त्या उपचाराचा कागद जपून ठेवावा, आणि ताप किंवा कंबरदुखी आली तर, कितीही वर्षे लोटली असली तरी, डॉक्टरांपुढे आधी तोच ठेवावा.