सेरोमा (स्तनकर्करोग शस्त्रक्रिया)

सेरोमा म्हणजे शस्त्रक्रियेत ऊती काढून टाकल्यावर उरलेल्या पोकळीत साचणारा पातळ, पिवळसर द्रव. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तो छातीच्या त्वचेखाली अथवा काखेत साचतो. बोलीभाषेत यास 'पाणी साचणे' किंवा 'पाणी धरणे' म्हणतात. बहुतेक रुग्णांत हा द्रव काही आठवड्यांत आपोआप शोषला जातो. मात्र शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार (रेडिओथेरपी) ठरलेला असल्यास त्याचे अस्तित्व उपचाराच्या आखणीवर आणि वेळापत्रकावर परिणाम करू शकते.

सेरोमाचे प्रमाण वैद्यकीय लेखनात ३ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते. ही तफावत मुख्यतः व्याख्येची आहे. काही अभ्यासांत केवळ सुईने उपसावा लागलेला द्रव मोजला जातो, तर काहींत सोनोग्राफीत दिसणारा प्रत्येक संचय धरला जातो.

कारणे

संपूर्ण स्तन काढल्यावर (स्तनोच्छेदन) त्वचेचा पडदा व छातीचे स्नायू यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा राहते. काखेतील लसिकाग्रंथी काढताना बारीक लसिकावाहिन्या तुटतात. जखमेचा दाह आणि तुटलेल्या वाहिन्यांतून पाझरणारा द्रव यांमुळे ही जागा भरते. काखेतील ग्रंथी मोठ्या संख्येने काढणे, स्थूलता आणि विद्युतदाहक उपकरणाचा फार वापर या गोष्टी सेरोमाची शक्यता वाढवतात. केवळ पहारेकरी ग्रंथी (सेंटिनल नोड) तपासून थांबता आल्यास ती कमी होते. त्वचेचा पडदा खालच्या स्नायूला टाक्यांनी जागोजागी बांधून पोकळी बुजवण्याची पद्धतही यासाठीच वापरली जाते.

लक्षणे

नळी काढल्यानंतरच्या दिवसांत काखेत किंवा व्रणाखाली मऊ फुगवटा येतो, हात ठेवल्यास आत पाणी हलल्यासारखे वाटते, त्वचा ताणली जाते. नवी गाठ उठली, म्हणजे रोग परतला, अशी भीती रुग्णास व घरच्यांस वाटणे स्वाभाविक असते. पण शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत उद्भवणारा असा फुगवटा बहुधा सेरोमाच असतो. शंका असल्यास सोनोग्राफीने खात्री करता येते. हाताची सूज (लसिकाशोथ) ही वेगळी तक्रार आहे. त्वचा लाल व गरम होणे, ताप, वाढती वेदना किंवा दुर्गंधीयुक्त स्राव ही जंतुसंसर्गाची चिन्हे होत. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्यामुळे असा ताप तातडीची बाब मानला जातो.

नळी आणि घरची देखभाल

शस्त्रक्रियेच्या वेळी जखमेत एक-दोन नळ्या (ड्रेन) ठेवून त्या दाबरहित डबीस जोडतात. डबी रोज ठरावीक वेळी रिकामी करून द्रवाचे मिलिलिटर वहीत लिहावे लागतात, आणि हवा दाबून बाहेर काढल्याशिवाय तिचे तोंड बंद करायचे नसते. नाहीतर ओढ नाहीशी होऊन द्रव आतच साचतो. चोवीस तासांचा स्राव साधारण ३० ते ५० मिलिलिटरच्या खाली आल्यावर नळी काढतात. फार लवकर काढल्यास पाणी साचते, फार दिवस ठेवल्यास जंतू शिरण्याचा धोका वाढतो.

काखेतून जाणारी संवेदी मज्जा शस्त्रक्रियेत बरेचदा कापली किंवा ताणली जाते. त्यामुळे काख व दंडाची आतली बाजू बधिर असते. फुगवट्यावर वीट, तवा किंवा गरम पाण्याची पिशवी यांनी शेक देण्याचा घरगुती उपाय म्हणूनच घातक आहे: भाजले तरी कळत नाही.

उपसा

लहान, न दुखणाऱ्या सेरोमास उपचार लागत नाही. ताण जाणवत असल्यास किंवा जखमेवर दाब येत असल्यास निर्जंतुक सुईने द्रव उपसतात. भाग बधिर असल्याने ते फारसे दुखत नाही. द्रव पुन्हा भरतो, पण सहसा प्रत्येक खेपेस कमी. अकारण वारंवार सुई घालणे टाळतात, कारण स्वच्छ द्रवात जंतू नेण्याचा तोही एक मार्ग आहे. महिनोन्महिने टिकणाऱ्या संचयाभोवती जाड आवरण तयार होते व क्वचित ते शस्त्रक्रियेने काढावे लागते.

किरणोपचाराशी संबंध

किरणोपचारापूर्वी रुग्णास पाठीवर निजवून, हात डोक्याच्या वर ठेवून सीटी स्कॅन घेतात, त्वचेवर खुणा करतात आणि त्या आकारावरून किरणांची दिशा व मात्रा ठरवतात. पुढे दररोज शरीर त्याच स्थितीत व त्याच आकारात असणे गृहीत धरलेले असते. स्तनोच्छेदनानंतर छातीवर मोठा सेरोमा असताना स्कॅन झाला आणि पुढे तो ओसरला, तर त्वचेची पातळी खाली जाते व आखलेली मात्रा प्रत्यक्षाशी जुळत नाही. स्कॅननंतर पाणी वाढल्यास उलट अडचण येते. म्हणून मोठा संचय स्कॅनपूर्वी उपसतात आणि तो पुन्हा भरतो का, हे काही दिवस पाहतात. उपचार सुरू झाल्यावर आकार बदलल्यास स्कॅन व आखणी पुन्हा करतात. उपसा झाला असल्याची माहिती किरणोपचार विभागास देणे त्यामुळे आवश्यक ठरते.

स्तन वाचवून केवळ गाठ काढलेली असल्यास चित्र वेगळे असते. गाठीच्या जागी साचलेला द्रव स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो आणि त्या जागेवर वाढीव मात्रा देताना खूण म्हणून उपयोगी पडतो. तो सहसा मुद्दाम काढत नाहीत. तथापि ही पोकळीही आठवड्यागणिक आकसते, आणि शस्त्रक्रियेत ठेवलेल्या धातूच्या बारीक चिमट्या अधिक भरवशाच्या असतात.

दुसरा प्रश्न खांद्याचा. काखेत पाणी व ताण असल्याने रुग्ण हात उचलत नाही, खांदा आखडतो, आणि हात वर न गेल्यास स्कॅनच करता येत नाही. खांद्याचे जोरदार व्यायाम फार लवकर केल्यास द्रव वाढतो, म्हणून पहिल्या दिवसांत हलक्या हालचाली व नंतर क्रमाने पूर्ण व्यायाम असा मधला मार्ग घेतला जातो.

केमोथेरपी द्यायची नसल्यास किरणोपचार साधारण ८ आठवड्यांच्या आत सुरू करण्याचा प्रयत्न असतो. मधे केमोथेरपी असल्यास तेवढ्या काळात सेरोमा बहुधा जिरून गेलेला असतो. केवळ थोडे पाणी शिल्लक आहे म्हणून किरणोपचार लांबवणे योग्य मानले जात नाही. संसर्ग किंवा उघडी जखम असल्यास मात्र थांबावे लागते.

धाराशिव–सोलापूर परिसर

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचे नाव कर्करोग संशोधनात प्रामुख्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे येते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांमधील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता व तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शीसह परंडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय या कामाचे केंद्र असून तेथे किरणोपचाराची सोय आहे.

अंतराचा हिशेब या भागात उपचाराचाच भाग बनतो. तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी सोलापूर–तुळजापूर महामार्गावर असल्याने तेथील रुग्णास सोलापूर सरळ रस्त्यावर पडते, तर बार्शीस जाण्यासाठी महामार्ग सोडावा लागतो. आज रूढ असलेल्या ४० ग्रे मात्रेच्या १५ हप्त्यांसाठी आठवड्यातून पाच दिवस, असे तीन आठवडे जावे-यावे किंवा मुक्काम करावा लागतो. ब्रिटनमधील फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २०२० मध्ये २६ ग्रे मात्रा ५ हप्त्यांत, एका आठवड्यात देण्याचा पर्याय पुढे आणला आणि लांबून येणाऱ्यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रिया एका गावी व किरणोपचार दुसऱ्या गावी होत असल्यास स्कॅनच्या दिवशीच पाणी साचल्याचे लक्षात येते, उपसा होतो आणि पुन्हा बोलावले जाते. एक मजुरी व एक भाडे वाया जाते. स्कॅनच्या आठवडाभर आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून जखम तपासून घेतल्यास आणि नळीच्या नोंदींची वही, शस्त्रक्रियेचा कागद व पॅथॉलॉजी अहवाल सोबत नेल्यास ही फेरी बरेचदा वाचते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार हे तिन्ही उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत.