विहार भरला... पुढे काय?

दर पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो : 'विहार तलाव ओसंडून वाहू लागला'. पाणीकपात टळली म्हणून आपण खूश होतो आणि फॉरवर्ड करतो. पण मंडळी, ते ओसंडलेलं पाणी जातं कुठे? मिठी नदीत! या एका प्रश्नाच्या मागे लागलो आणि माझा अख्खा वीकेंड त्यातच गेला.

गोष्ट सुरू होते १८५० च्या दशकात. तेव्हाची मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. पाऊस कमी पडला की हाल. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरने साष्टीच्या डोंगरात, मिठीच्या उगमाकडे, धरणाचा आराखडा मांडला. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी शहरात आलं. १८७९ मध्ये तुळशी तलाव आला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तलावांभोवतीचं रान राखलं गेलं. इंग्रजांना झाडांचा पुळका होता असं नाही हो, वाढत्या शहराला पाणी हवं होतं. पण हिशेबात रान होतं! आज बोरिवलीचं शंभरेक चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क उरलंय, त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे.

आता त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला या. दक्षिण मुंबईतली ऑफिसांची गर्दी कमी करायची म्हणून १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचं काम प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे दिलं गेलं. कल्पना चांगलीच होती. फक्त जागा होती मिठीकाठची सखल, पाणथळ जमीन. भरतीचं आणि पुराचं पाणी जिथे पसरायचं तिथे भराव पडला. विमानतळापाशी नदीला काटकोनात वळवलं गेलं. काठाने वस्त्या आणि वर्कशॉपं आली, कारण गरिबाला परवडेल अशी जागा दुसरीकडे कुणी ठेवलीच नव्हती.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस, आणि कुलाब्याला ७५ च्या आत. मी तेव्हा तिसरीत होतो. बाबा अंधेरीहून घाटकोपरला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, चालत. आई रात्रभर खिडकीत. आमचे बाबा आले. शेकडो घरांत माणसं परत आलीच नाहीत. एवढा पाऊस कुठल्याही शहराला जड गेला असता, मान्य. पण पाण्याला पसरायला जागाच ठेवली नव्हती, हेही खरं. घाईत उरकलेलं काम पुढे व्याजासकट फेडावं लागतं, आमच्याकडे त्याला टेक्निकल डेट म्हणतात. इथे व्याज भलत्यांनीच भरलं.

त्यानंतर शहाणपण आलं, थोडं थोडं. माधवराव चितळे समितीने मिठी रुंद आणि खोल करायला सांगितलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्येच खारफुटी तोडायला बंदी घातली. मुलुंड-घाटकोपरच्या बाजूची ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली.

आता नवा आराखडा आहे : नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलर करायची. करा की! माझीही नोकरी त्यातच आहे. पण जंगल, नदी आणि खारफुटी 'पर्यावरण' नावाच्या शेवटच्या प्रकरणात नकोत. रस्ते आणि मेट्रोसारखा त्यांनाही पहिल्या पानावर खर्च हवा, देखभाल हवी, पात्रासाठी सोडलेली जागा हवी, आणि तिथल्या माणसांना आधी घर.

विहार-तुळशीचं पाणी आज मुंबईच्या गरजेच्या तीनेक टक्केच भागवतं. निव्वळ तेवढाच आकडा बघितला तर ते रान कुणालाही मोकळा प्लॉट वाटेल.

असो. पुढच्या वेळी 'विहार भरला' मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी कुर्ल्यात पाणी किती चढलंय तेही बघा.